पिकअप पाहिजे, बॉस!

पगार वाढला की आधी मोबाइल बदलतो, मग शूज बदलतात, आणि मग एका शनिवारी आपण स्वतःच्याच गाडीच्या बॉनेटकडे संशयाने बघायला लागतो. 'हिच्यात अजून थोडा दम हवा होता यार!' सिग्नल सुटल्यावर शेजारचा पुढे निघून जातो. घाटात ट्रकच्या मागे आपण सेकंड गिअरमध्ये कण्हत असतो. मग ऑफिसमधला कुणीतरी एक्सपर्ट कॉफी मशीनपाशी सांगतो, "फिल्टर टाक, एक्झॉस्ट टाक, रिमॅप मार. गाडी उडेल!"

उडेल? नक्की किती? आणि उडाल्यावर थांबेल का?

मास कॉमला आम्हाला पहिल्याच सेमिस्टरमध्ये एक फंडा शिकवला होता. समोरचा काही विकत असेल तर दोनच प्रश्न विचारायचे : 'किती?' आणि 'कशावरून?' एका क्लायंटने आठ महिने रखडवलेला चेक अखेर वटला, हातात चाळीस हजार आले, आणि हे दोन प्रश्न घेऊन मी गॅरेजच्या वाऱ्या सुरू केल्या.

गाडी माझी साधीच. २०१३ ची सेकंडहँड स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय. ११९७ सीसीचं इंजिन, टर्बो नाही. नवी होती तेव्हा कंपनीच्या आकड्यांप्रमाणे साधारण ८६ हॉर्सपॉवर आणि ११४ न्यूटन मीटर टॉर्क. माझा नेहमीचा रस्ता पुणे ते वाई. आईबाबा तिथे असतात. बाबांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ड्रायव्हिंग सोडलं, त्यामुळे कुठेही जायचं तर स्टिअरिंगवर मी. बाबा शेजारी बसतात आणि खिडकीच्या वरचं हँडल घट्ट पकडून ठेवतात. तक्रार करत नाहीत. फक्त हँडल सोडत नाहीत.

तीन गॅरेज, तीन याद्या

पहिला स्टॉप नाना पेठ. दुकानदाराने काउंटरवर चकचकीत लाल कोन फिल्टर ठेवला. "मॅडम, डायरेक्ट पाच-सात बीएचपी. आवाज पण सॉलिड येतो." कशावरून? "सगळी पोरं हेच टाकतात!"

दुसरा स्टॉप शहराबाहेरचं एक ट्यूनिंग वर्कशॉप. एसी केबिन, भिंतीवर रेसिंगचे फोटो. तिथल्या मुलाने आधी विचारलं, "गाडी कोण चालवतं? सर येणार आहेत का?" सर येणार नाहीत हे पचल्यावर त्याने पॅकेज सांगितलं. रिमॅप आणि एक्झॉस्ट मिळून पंचेचाळीस हजार. नॉन-टर्बो गाडीला नक्की किती पॉवर वाढेल, यावर मात्र त्याने पोलोचा ग्राफ दाखवला. पोलो टर्बो. माझी स्विफ्ट. म्हणजे विचारलं पोह्यांचं, दाखवली बिर्याणी.

तिसरा स्टॉप आमच्या गल्लीच्या टोकाचे मेकॅनिक काका. त्यांनी बॉनेट उघडलं, एक प्लग काढला, फिल्टर बाहेर काढून फरशीवर आपटला. पावशेर धूळ पडली. म्हणाले, "ताई, तुमची गाडी कमजोर नाही. उपाशी आहे. आधी हिला नीट खायला घाला, मग व्यायामशाळेत पाठवा."

मला वाटतं, नवशिक्यांसाठीचा अख्खा विषय या वाक्यात आला. पण 'कशावरून?' विचारायचं व्रत घेतलेलं, त्यामुळे थोडं खोलात गेले.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

सगळा ड्रामा बाजूला ठेवला तर इंजिन काय करतं? हवा ओढतं, तिच्यात मोजून पेट्रोल मिसळतं, पेटवतं, बाहेर टाकतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. जास्त पॉवर हवी तर जास्त पेट्रोल जाळा, आणि त्यासाठी जास्त हवा आत न्या. बाकीची सगळी दुकानदारी या एका वाक्यावर चालते.

माझं १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढू शकतं. सोसायटीच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा साडेतीन टाक्या, दर मिनिटाला! ही मर्यादा सिलिंडरच्या आकाराने ठरलेली आहे. फिल्टर कितीही लाल असला तरी सिलिंडर मोठा होत नाही.

टर्बोवाल्यांचा खेळ वेगळा. तिथे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. किती दाबायची हे कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू ठरवतो. कंपनीने तो दाब सगळ्या प्रकारच्या हवामानाचा, पेट्रोलचा आणि निष्काळजी मालकांचा विचार करून थोडा राखून ठेवलेला असतो. रिमॅप करणारा हीच राखीव जागा वापरतो. म्हणून टर्बो गाडीत नुसत्या सॉफ्टवेअरने वीस-पंचवीस टक्के वाढ मिळू शकते. नॉन-टर्बोमध्ये राखीव असं फारसं नसतंच. तिथे तेवढ्याच पैशांत हातात पडतात जेमतेम काही हॉर्सपॉवर, आणि त्याही बहुतेक वरच्या आरपीएमला, जिथे आपण ऑफिसला जाताना कधी पोचतच नाही.

आता गंमत बघा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की हवा साधारण तीन टक्के विरळ होते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. म्हणजे पसरणीचा घाट चढून, पाचगणी ओलांडून तिथे पोचेपर्यंत माझ्या ८६ घोड्यांतले दहा घोडे वाटेतच गायब! विकत घेतलेला फिल्टर जेमतेम दोन घोडे देणार आणि डोंगर फुकटात दहा काढून घेणार. टर्बो गाडीला डोंगराचा हा फटका बराच कमी बसतो, कारण तिथे हवा कोंबायला पंखा आहे.

लाल फिल्टर आणि गरम हवा

कोन फिल्टरची आणखी एक मेख आहे. कंपनीच्या एअरबॉक्सचं तोंड सहसा पुढच्या बाजूला, बाहेरची थंड हवा घेण्यासाठी ठेवलेलं असतं. तो डबा काढून उघडा कोन बसवला की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढायला लागतं. हवेचं तापमान तीन अंशांनी वाढलं की ती साधारण एक टक्का पातळ होते. मी हजार रुपयांचा एक ब्लूटूथ डोंगल घेतला. गाडीच्या ओबीडी पोर्टमध्ये खुपसला की मोबाइलवर इंजिनचे आकडे दिसतात. मेमधल्या दुपारी चांदणी चौकात, कंपनीचा डबा जागच्या जागी असताना, आत जाणारी हवा ५० अंशांवर होती. उघडा कोन लावला असता तर काय झालं असतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आवाज मात्र वाढतो, आणि आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो. कान हा फार भोळा अवयव आहे.

त्यापेक्षा मूळ डब्यातच बसणारा, धुऊन परत वापरता येणारा पॅनेल फिल्टर बरा. पॉवरचा चमत्कार होत नाही, पण नुकसानही नाही. तेल लावायचा प्रकार असेल तर तेल बेताने लावा. काही गाड्यांत हवा मोजणारा नाजूक सेन्सर असतो, त्यावर तेल बसलं की गाडी उलट अडखळायला लागते.

आवाज करा, पावती फाडा

एक्झॉस्टचा मोह मलाही होता. खोटं कशाला बोलू? तो खर्जातला आवाज मस्तच लागतो. पण नॉन-टर्बो गाडीत नुसता मागचा सायलेन्सर बदलून पॉवरमध्ये जाणवेल इतका फरक पडत नाही. आणि पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर विषारी वायू सरळ बाहेर. पीयूसीमध्ये गाडी नापास होणार, आणि सिग्नलला मागे उभा असलेला स्कूटरवाला ते सगळं छातीत भरून घेणार.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत असलेला कंपनीचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा फेरफारासाठी, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाजाचं आणि धुराचं कलम वेगळं. तिथे पहिल्याच वेळी दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पंचवीस हजारांची पोळी!

इन्शुरन्सचा मुद्दा तर लोक विसरूनच जातात. इंजिनमधला बदल कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. वॉरंटीतल्या गाडीला रिमॅप केलं तर इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

मावसभावाची पोलो

मग रिमॅप वाईटच का? अजिबात नाही. माझ्या मावसभावाकडे २०२१ ची पोलो आहे, १.० टीएसआय, टर्बो. मूळची ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. वॉरंटी संपल्यावर त्याने रिमॅप केलं, इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवून. मी चालवून बघितली. थर्ड गिअरमध्ये पाय दाबला आणि सीटने पाठीत हलकेच धपाटा घातला. सही!

पण त्याने ते कसं केलं ते महत्त्वाचं. आधी गाडी डायनोवर चढवून चाकांपाशी किती पॉवर मिळते ते मोजलं, नंतर पुन्हा मोजलं, दोन्ही कागद घेतले. मूळ सॉफ्टवेअरची कॉपी जपून ठेवली. गाडी मॅन्युअल, त्यामुळे क्लचची तब्येत आधी तपासली, कारण वाढलेला टॉर्क आधी क्लचलाच झेलावा लागतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी तर गिअरबॉक्स किती टॉर्कसाठी बनवलाय ते आधी बघावं. जुन्या पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतचाच आहे. ट्यूनर स्वप्नं विकतो, ही मर्यादा सांगेलच असं नाही.

आणि हो, 'पेडल बॉक्स' नावाची एक चीज बाजारात मिळते. पायाखालच्या ॲक्सिलरेटरच्या वायरमध्ये बसते आणि गाडी एकदम चपळ झाल्यासारखी वाटते. पॉवर एका घोड्यानेही वाढत नाही. तुम्ही तीस टक्के पाय दाबता, ती इंजिनला पन्नास टक्के सांगते, बस्स! दहा हजार वाचवायचे असतील तर पाय जरा जास्त दाबा.

महागड्या पेट्रोलचंही तेच. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, वेळेआधी पेटून इंजिन ठोकण्याला विरोध. रिमॅप केलेल्या टर्बोला वरच्या ऑक्टेनचा उपयोग होतो, माझ्या स्विफ्टला त्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरणारच. जुनी गाडी असेल तर पॉवरच्या गप्पांआधी पेट्रोलचे रबरी पाइप तपासून घ्या.

चाळीस हजारांचा हिशेब

शेवटी मी काकांचं ऐकलं. प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजिन ऑइल, कूलंट. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं. आकडे एकमेकांच्या जवळ होते, म्हणजे इंजिन ठणठणीत. एकूण खर्च साडेसात हजार. आधी आणि नंतर, सकाळी सहा वाजता रिकाम्या हायवेवर, थर्ड गिअरमध्ये ४० ते ८० चा वेळ मोजला. मावसभाऊ शेजारी स्टॉपवॉच घेऊन, जातानाचा आणि येतानाचा सरासरी. आधी १०.४ सेकंद, नंतर ९.१. विकतचा एकही घोडा नाही. हे सगळे माझेच होते, धुळीत हरवलेले.

डिकीतून निघालेला पसारा वेगळाच. जुनी मासिकं, दोन कुंड्या, कॉलेजपासूनचा कॅरमबोर्ड. सगळं मिळून तीस किलो तरी असेल. साडेनऊशे किलोच्या गाडीत तीस किलो म्हणजे तीन टक्के. फुकटातलं अपग्रेड!

मोठा खर्च केला टायरवर. माझे टायर गोटा व्हायला आले होतेच. मूळ साइज १६५/८० आर १४. त्याच रिमवर मी १८५/७० चे चार टायर घेतले, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगसकट बावीस हजार. उंची ६२० मिलिमीटरची ६१५ झाली, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये नगण्य फरक, पण रस्त्याला टेकणारं रबर दोन सेंटिमीटरने रुंद. (तुमच्या रिमवर किती रुंद टायर चालतो ते आधी विचारा. मोठी चाकं नुसती दिसायला घेतलीत तर वजन वाढून पिकअप उलट कमी होतो.)

आणि ब्रेक. पुढचे पॅड, डिस्क, मागचे लायनर, नवं ब्रेक ऑइल. पाच हजार आठशे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, हे मला या निमित्ताने कळलं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं. तीनशे-चारशे रुपयांची बाटली असते, पण तिचा फोटो कुणी स्टेटसला टाकत नाही.

अजून एक हिशेब डोक्यात ठेवा. ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत ५६ टक्के जास्त ऊर्जा असते. ती सगळी थांबताना ब्रेक आणि टायरनाच गिळायची असते. पॉवर वाढवणारा कुणीही हे आपल्या कोटेशनमध्ये लिहीत नाही.

सुरूर फाट्यानंतर

डिसेंबरची गोष्ट. उसाचा सीझन. रात्री साडेआठला हायवे सोडून सुरूर फाट्यावरून वाईच्या रस्त्याला लागले. आईबाबा गाडीत होते, पुण्याहून चेकअप करून परत निघालो होतो. वेग साठच्या आसपास. समोरून एक जीप फुल लाइट टाकून आली, गेली, आणि डोळे सरावतात तोवर पुढ्यात काळी भिंत. उसाची ट्रॉली. रस्त्यातच उभी, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसती लोंबणारी वाढी.

मी ब्रेकवर उभी राहिले. पायाखाली एबीएस नसल्याची आठवण त्याच क्षणी झाली, पेडल किंचित सोडून पुन्हा दाबलं. गाडी सरळ रेषेत थांबली. ट्रॉलीच्या मागे दीड-दोन माणसं उभी राहतील इतकं अंतर उरलं होतं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अगंबाई!" हजार्ड लाइट लावले, दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग बाबांनी विचारलं, "टायर नवीन घेतलेस का?"

त्या रात्री मला आणखी पंधरा हॉर्सपॉवर असत्या तर काय झालं असतं? ट्रॉली थोडी लवकर आली असती, एवढंच.

नवशिक्यांनो, लिस्ट घ्या लिहून

पॉवरची हौस करूच नका असं माझं म्हणणं नाही. गाडीवर प्रेम असणं ही चांगलीच गोष्ट आहे आणि टर्बोचा तो धपाटा मीही विसरलेले नाही. पण क्रम चुकवू नका. आधी हरवलेली पॉवर परत आणा : प्लग, फिल्टर, ऑइल, टायरमधली हवा, डिकीतला पसारा. मग थांबण्याची सोय करा : टायर, पॅड, ब्रेक ऑइल. त्यानंतर आपली गाडी टर्बो आहे का ते बघा. असेल तर डायनोचे आकडे, क्लच, वॉरंटी, इन्शुरन्स हे सगळं तपासून रिमॅपचा विचार करा. नसेल तर पॅनेल फिल्टरवर समाधान माना आणि उरलेले पैसे पुढच्या गाडीसाठी ठेवा. टर्बोवाली घ्या! आणि प्रत्येक पायरीवर विकणाऱ्याला विचारत राहा : किती? कशावरून?

माझ्या चाळीस हजारांतले तीन हजार सातशे उरले. त्यात जवळपास फुल टाकी पेट्रोल भरलं आणि आईबाबांना पाचगणीला घेऊन गेले. पसरणीच्या घाटात पूर्वी जिथे सेकंड टाकावा लागायचा, तिथे गाडी थर्डमध्ये चढली. मी मोठ्या अभिमानाने शेजारी बघितलं. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते चक्क घोरत होते.